प्रतिमानांचा पुनर्वापर आणि अर्थाचा प्रश्न

१

सॉफ्टवेअरच्या निर्मितीत एकदा केलेले काम पुन्हा उपयोगात आणता यावे, ही अपेक्षा त्या विद्येच्या नावाइतकीच जुनी आहे. १९६८ च्या ऑक्टोबर महिन्यात पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या विज्ञान समितीच्या पुरस्काराने जी परिषद भरली, तिने ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ हे नाव रूढ केले. आणि त्याच परिषदेत बेल प्रयोगशाळेतील डग्लस मॅकिलरॉय यांनी सॉफ्टवेअरच्या घटकांचे घाऊक उत्पादन व्हावे, असा प्रस्ताव मांडला. इतर कारखानदारीत सुट्या भागांची सूची चाळून हवा तो भाग निवडता येतो. तशी सोय आज्ञावली लिहिणाऱ्यालाही असावी, हे त्यांचे म्हणणे. उदाहरणादाखल त्यांनी कोनाची ‘साइन’ काढणारी आज्ञावली घेतली होती. ती किती अचूक हवी, किती वेगवान हवी, स्मृतीतील किती जागा तिने व्यापावी, यांनुसार एकाच कामाचे अनेक नमुने सूचीत असावेत आणि ग्राहकाने आपल्या गरजेप्रमाणे त्यांतील एक उचलावा, अशी ती कल्पना होती.

हे उदाहरण फार सोईचे आहे, आणि त्याची सोय नेमकी कशात आहे हे पाहण्यासारखे आहे. ‘साइन’ म्हणजे काय, हे गणिताने आज्ञावलीच्या जन्मापूर्वीच निश्चित केलेले आहे. घटक देणारा आणि घेणारा यांच्यात त्या शब्दाच्या अर्थाविषयी वाद उद्भवतच नाही. निवड उरते ती केवळ गुणांची. ‘ग्राहक’, ‘खाते’, ‘हप्ता’, ‘रुग्ण’ या शब्दांची स्थिती तशी नाही. त्यांचा अर्थ संस्थेगणिक व कायद्यागणिक बदलतो, आणि व्यवहारातील बहुतेक सॉफ्टवेअर याच शब्दांभोवती उभे असते. यास्तव पुनर्वापराच्या कोणत्याही योजनेची खरी परीक्षा याच जागी करावी लागते.

अशा योजनांपैकी सर्वांत महत्त्वाकांक्षी योजना प्रतिमानाधिष्ठित विकासाची होय. रचना प्रतिमानाच्या रूपाने, म्हणजे व्यवहारात ज्याला मॉडेल म्हणतात त्या रूपाने, एकदा नीट मांडली की तिचे घटक एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत नेता येतात, असा या पंथाचा दावा आहे. त्या दाव्यातील ग्राह्य भाग कोणता आणि अतिव्याप्त भाग कोणता, याचा विचार येथे कर्तव्य आहे. प्रतिमान ही अखेर एक लिखित भाषा असल्यामुळे हा विचार भाषाशास्त्राच्या कक्षेबाहेरचा नाही.

२

कोडाचा पुनर्वापर आज सर्वत्र चालतो. तयार ग्रंथालये घेतल्याशिवाय कोणतीही मोठी आज्ञावली उभी राहत नाही. परंतु कोड हा एखाद्या विशिष्ट संगणकभाषेला, विशिष्ट माहितीसाठ्याला आणि विशिष्ट प्लॅटफॉर्मला बांधलेला असतो. ते बदलले की तो टाकाऊ होतो. म्हणून कोडाच्या वर चढून रचनेचाच पुनर्वापर करावा, असा विचार पुढे आला. १९९४ मध्ये एरिक गॅमा व त्यांचे तीन सहकारी यांनी रचनाबंधांवरील प्रसिद्ध ग्रंथात २३ रचनाबंध संगृहीत केले, तो याच विचाराचा एक टप्पा. मात्र रचनाबंध हा माणसाने वाचावयाचा व दर वेळी आपल्या हाताने पुन्हा घडवावयाचा नमुना असतो. यंत्राला तो कळत नाही.

प्रतिमानाधिष्ठित विकास यापुढचे पाऊल टाकतो. येथे रचना अशा नियमबद्ध संकेतचिन्हांत लिहिली जाते की ती यंत्राला वाचता यावी. आणि रूपांतराचे नियम स्वतंत्रपणे लिहून त्या रचनेपासून कोड यंत्राकडूनच तयार करवून घेतला जातो. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रूप या संस्थेने १९९७ च्या नोव्हेंबरात यूएमएल ही चित्रभाषा प्रमाण म्हणून स्वीकारली आणि २००१ मध्ये एमडीए या नावाने तिच्यावर आधारलेली कार्यपद्धती पुरस्कारिली. या पद्धतीच्या २००३ च्या मार्गदर्शिकेत प्रतिमानांचे तीन स्तर सांगितले आहेत. पहिल्यात व्यवहाराचे वर्णन येते व संगणकाचा विचारच नसतो. दुसऱ्यात प्रणालीची रचना असते, पण प्लॅटफॉर्मचा उल्लेख नसतो. तिसऱ्यात विशिष्ट प्लॅटफॉर्मचे तपशील मिसळलेले असतात. दुसरा स्तर हा या योजनेचा गाभा. प्लॅटफॉर्म बदलला तरी हे मधले प्रतिमान अबाधित राहावे आणि त्यापासून नवे तिसरे प्रतिमान व नवा कोड काढता यावा, अशी तिची मांडणी आहे.

या मांडणीचे श्रेय मान्य केले पाहिजे. व्यवहाराचे नियम आणि यंत्राचे तपशील यांची सरमिसळ हा सॉफ्टवेअरचा जुना रोग आहे. त्यावर तिने पद्धतशीर उपाय सुचविला. तथापि येथे ‘पुनर्वापर’ या एका शब्दाखाली दोन भिन्न क्रिया एकत्र आल्या आहेत. तीच प्रणाली जुन्या प्लॅटफॉर्मवरून नव्या प्लॅटफॉर्मवर नेणे, ही पहिली क्रिया. एका प्रणालीच्या रचनेतील भाग दुसऱ्या प्रणालीच्या रचनेत बसविणे, ही दुसरी. पहिलीत यंत्र बदलते आणि अर्थ कायम राहतो. दुसरीत यंत्र कदाचित तेच असेल. बदलतो तो व्यवहार, आणि त्यामुळे अर्थ. तीन स्तरांची योजना पहिल्या क्रियेसाठी घडविलेली आहे. दुसरीही त्याच साधनाने आपोआप सिद्ध होईल, असे जे गृहीत धरले जाते, त्याला त्या योजनेत आधार सापडत नाही.

एक उदाहरण घेतल्यास हा भेद स्पष्ट होईल. बँकेच्या प्रणालीत ‘खातेदार’ नावाचा एक घटक आहे. त्याला नाव, पत्ता व खाते क्रमांक आहे; एका खात्याचे एक किंवा अनेक खातेदार असू शकतात. महसूल खात्याच्या भूमी-अभिलेखांतही ‘खातेदार’ आहे. त्यालाही नाव, पत्ता व खाते क्रमांक आहे. तेथेही सामाईक खाते असते. चित्र म्हणून दोन्ही घटक एकमेकांवर ठेवले तर रेषा रेषेवर बसेल. आता व्यवहार पाहावा. बँकेतील एकट्याच्या नावचे खाते त्याच्या मृत्यूनंतर नामनिर्देशिताला किंवा वारसाला रक्कम देऊन बंद होते. जमीन मात्र जागच्या जागी राहते. वारसनोंदीचा फेरफार होतो आणि मृताच्या जागी वारसांची नावे लागतात. बँकेच्या खात्यात रक्कम असते आणि ती आकड्याने पूर्ण सांगता येते. गाव नमुना आठ-अ मधील खात्याखाली त्या गावातील गट येतात, आणि प्रत्येक गटाचे हक्क व पिके सात-बाराच्या उताऱ्यावर स्वतंत्र नोंदलेली असतात. बँकेसाठी केलेला ‘खातेदार’ येथे उचलून आणला, तर चित्रात कोठेही चूक दिसणार नाही; आणि मृत्यूची पहिली नोंद आली की प्रणाली खाते बंद करू पाहील. शब्द एक, आकृती एक, अर्थ मात्र दोन. आणि त्यांतील अंतर आकृतीत उमटलेलेच नाही.

३

हे अंतर प्रथम ज्याने ओळखले, त्याचे नाव एमडीएच्या प्रचारात फारसे ऐकू येत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत जेम्स नेबर्स यांनी १९८० मध्ये डॉक्टरेटसाठी जो प्रबंध सादर केला, त्यात ‘ड्रॅको’ या प्रणालीचे विवेचन आहे. यूएमएलच्या स्वीकाराच्या सतरा वर्षे आधीचा हा प्रबंध प्रतिमानाधिष्ठित पुनर्वापराचा पाया मानावा, इतका तो मूलगामी आहे.

नेबर्स यांचे प्रतिपादन थोडक्यात असे. कोडाच्या पुनर्वापराने लाभ थोडा होतो, कारण खरे श्रम कोड लिहिण्यात नसून प्रश्न समजून घेण्यात व रचना ठरविण्यात खर्ची पडतात. तेव्हा पुनर्वापर व्हावयाचा तो विश्लेषणाचा आणि रचनेचा. त्यासाठी एकेका विषयक्षेत्राचा अभ्यास करून त्यातील वस्तू कोणत्या, क्रिया कोणत्या, हे ठरवावे लागते. या अभ्यासाला त्यांनी ‘क्षेत्रविश्लेषण’ असे नाव दिले व ते पुढे रूढ झाले. विश्लेषणातून त्या क्षेत्राची स्वतःची एक लहानशी भाषा सिद्ध होते. नवी प्रणाली त्या भाषेत लिहावयाची आणि टप्प्याटप्प्याने अधिक प्राथमिक क्षेत्रांच्या भाषांत तिचे रूपांतर करीत अखेर कोडापर्यंत यावयाचे. एकाच क्रियेचे अनेक रूपांतर-पर्याय असू शकतात आणि प्रत्येक पर्याय कोणत्या गृहीतांवर उभा आहे, हेही नोंदवावे लागते.

दोन्ही विचारांत रूपांतर आहे, दोन्हींत स्तर आहेत. भेद आहे तो भाषेच्या स्वरूपात. एमडीएने सर्व क्षेत्रांसाठी एकच चित्रभाषा योजिली. नेबर्स यांनी क्षेत्रागणिक भाषा मागितली, आणि ती भाषा घडविण्याचे काम त्या क्षेत्रात अनेक प्रणाली बांधून झालेल्या अनुभवी व्यक्तीवर सोपविले. सर्वसामान्य भाषा अधिक ठिकाणी चालते, परंतु कोठेही थोडेच सांगते. क्षेत्राची भाषा थोड्या ठिकाणी चालते, पण तेथे पुष्कळ सांगते. पुनर्वापराला या दुसऱ्या गुणाची गरज अधिक असते. चार्ल्स क्रूगर यांनी १९९२ मध्ये पुनर्वापराच्या सर्व पद्धतींचा जो विस्तृत आढावा प्रसिद्ध केला, त्यातील कसोटीही याच दिशेची आहे. प्रणालीची मनातील पहिली कल्पना आणि तिचे चालते रूप यांमधील बौद्धिक अंतर जी पद्धती कमी करते, ती यशस्वी होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. केवळ चौकोन आणि बाण यांनी हे अंतर कमी होत नाही. चौकोनात लिहिलेला शब्द वापरणाऱ्याच्या ओळखीचा आणि एकार्थी असावा लागतो.

४

प्रतिमानातील अर्थाचे दोन थर वेगळे करून पाहणे आवश्यक आहे. एक चिन्हाचा अर्थ: हा बाण, हा चौकट, हा समभुज चौकोन म्हणजे काय. दुसरा नावाचा अर्थ: चौकटीत लिहिलेल्या ‘खातेदार’ या शब्दाने व्यवहारातील काय अभिप्रेत आहे. वर पाहिलेली अडचण दुसऱ्या थरातील होती. पहिला थर तरी निर्वेध असेल, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु तीही पूर्णपणे खरी नाही.

डेव्हिड हॅरेल यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेली अवस्थाचित्रे हे याचे बोलके उदाहरण आहे. या चित्रांत एका मोठ्या अवस्थेच्या पोटात लहान अवस्था काढता येतात. कपडे धुण्याचे यंत्र घ्यावे. ‘चालू’ या मोठ्या अवस्थेच्या आत ‘पाणी भरणे’ ही लहान अवस्था आहे. ‘कळ दाबली’ ही घटना घडल्यास आतील अवस्थेतून ‘विराम’कडे एक बाण जातो, आणि बाहेरील अवस्थेतून ‘बंद’कडे दुसरा बाण जातो. पाणी भरत असताना कळ दाबली, तर यंत्राने काय करावे? हॅरेल यांच्याच स्टेटमेट या साधनाच्या नियमानुसार बाहेरचा बाण प्रबळ ठरतो आणि यंत्र बंद होते. यूएमएलच्या नियमानुसार आतला बाण प्रबळ ठरतो आणि यंत्र विराम घेते. चित्रात एक ठिपकाही न बदलता आचरण उलटे होते. संकलन दाखविणाऱ्या पोकळ समभुज चौकोनाची कथा तर याहून विलक्षण आहे. त्याचा नेमका अर्थ क्षेत्रानुसार आणि प्रतिमान करणाऱ्यानुसार बदलतो, असे यूएमएलच्या प्रमाणग्रंथानेच मान्य केलेले आहे. ज्या चिन्हाचा अर्थ लिहिणाऱ्यावर अवलंबून आहे, ते लिहिणाऱ्यापासून दूर नेले की मुके होते.

व्याकरणाच्या अभ्यासकाला ही स्थिती अपरिचित वाटणार नाही. पुनर्वापराचे तंत्र पाणिनीइतके काटेकोरपणे फार थोड्यांनी हाताळले असेल. एकदा सांगितलेले पद पुढील सूत्रांत अनुवृत्तीने चालू राहते. वर्णांचे गट प्रत्याहारांनी एकेका अक्षरसमूहात बांधले जातात. ‘वृद्धि’ ही संज्ञा आ, ऐ, औ यांना एकदा दिली की सुमारे चार हजार सूत्रांच्या ग्रंथात ती त्याच अर्थाने काम करते. संगणकभाषांचे व्याकरण लिहिण्याच्या प्रचलित पद्धतीशी या तंत्राचे साम्य पाहून तिला पाणिनीचेही नाव जोडावे, अशी सूचना पी. झेड. इंगरमन यांनी १९६७ मध्ये केली होती, ती अकारण नव्हे.

परंतु या काटेकोर तंत्रातही एक फट आहे, आणि परंपरेने ती कशी बुजविली हे प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने फार उद्बोधक आहे. प्रत्याहार ज्यांवरून बनतात त्या वर्णसूत्रांत ‘ण्’ हे अंत्यचिन्ह दोन ठिकाणी आले आहे. त्यामुळे ‘अण्’ म्हटले की पहिल्या णकारापर्यंतचे वर्ण घ्यावयाचे की दुसऱ्या, असा संदेह उत्पन्न होतो. संदेह आला म्हणून शास्त्र निरुपयोगी ठरत नाही; विशेष अर्थ व्याख्यानावरून जाणावा, अशी परिभाषा वैयाकरणांनी त्यासाठी मान्य केली. मराठी घराण्यातील नागेशभट्टांनी अठराव्या शतकात काशी येथे रचलेल्या ‘परिभाषेन्दुशेखर’ या ग्रंथात ही परिभाषा अग्रस्थानी आहे. नियमांचे सर्वांत बांधेसूद शास्त्रही स्वतःच्या अक्षरांवर पूर्णतः विसंबून राहिले नाही. अर्थ सांभाळणारी व्याख्यात्यांची परंपरा त्याने सोबत ठेवली. सूत्रे परप्रांतांत आणि परकाळांत गेली ती या परंपरेसह गेली. प्रतिमानांना दूर पाठवू पाहणाऱ्यांनी त्यांच्यासोबत काय पाठवावयाचे, याचे उत्तर येथे आहे.

५

अर्थ मागे ठेवून घटक पुढे नेला तर काय घडते, याचा सर्वज्ञात दाखला एरियान-५ या अग्निबाणाचा आहे. हा दाखला प्रतिमानाचा नसून चालत्या कोडाच्या पुनर्वापराचा आहे, हे आधीच स्पष्ट केले पाहिजे. परंतु त्यातील दोष कोडाच्या ओळीत नव्हता, गृहीतात होता, म्हणून तो येथे लागू पडतो.

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून या अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले आणि सुमारे चाळीस सेकंदांत तो मार्ग सोडून नष्ट झाला. त्याच्याबरोबर क्लस्टर योजनेचे चार उपग्रहही गेले. चौकशी मंडळाने त्याच वर्षी दिलेल्या अहवालात कारणपरंपरा स्पष्ट केली आहे. दिशा व गती मोजणाऱ्या यंत्रणेतील सॉफ्टवेअर एरियान-४ वरून घेतलेले होते. त्यात आडव्या गतीशी निगडित असलेली एक राशी ६४ बिटांच्या अपूर्णांकी संख्येतून १६ बिटांच्या पूर्णांकात बदलली जात असे. १६ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. एरियान-४ च्या उड्डाणमार्गावर ती राशी एवढी मोठी होणे संभवनीय नव्हते. म्हणून त्या ठिकाणी संरक्षक तपासणी ठेवलेली नव्हती. एरियान-५ चा मार्ग निराळा होता व त्याची आडवी गती कितीतरी लवकर वाढत होती. संख्या मावली नाही, यंत्रणा थांबली. आणि पर्यायी यंत्रणेतही तेच सॉफ्टवेअर असल्याने तीही थांबली. वैषम्याची गोष्ट अशी की, ही राशी काढणाऱ्या क्रियेला एरियान-५ च्या उड्डाणानंतर काही प्रयोजनच उरलेले नव्हते.

‘ही राशी या मर्यादेपलीकडे जाणार नाही’ हे वाक्य एरियान-४ च्या रचनाकारांना ठाऊक होते. घटकाबरोबर ते अशा रूपात गेले नाही, की नव्या प्रणालीने त्याची परीक्षा घ्यावी. झां-मार्क जेझेकेल आणि बर्ट्रांड मेयर यांनी जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात हाच मुद्दा पुढे मांडला. घटकाचा इंटरफेस म्हणजे करार होय. त्यातील अटी लिहिलेल्या नसतील तर पुनर्वापर धोक्याचा ठरतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. भाषेच्या परिभाषेत बोलावयाचे तर, येथे उक्ती नेली गेली आणि तिचा संदर्भ मागे राहिला.

प्रतिमानाच्या पुरस्कर्त्यांकडून यावर असे उत्तर संभवते की, प्रतिमान कोडाहून अमूर्त असल्यामुळे असा धोका त्यात कमी असतो. वस्तुतः तो वाढण्याचाच संभव आहे. अमूर्तता म्हणजे तपशील गाळणे. आणि कोणता तपशील गाळावयाचा, हे प्रतिमान करणारा आपल्या हेतूनुसार ठरवितो. एका हेतूसाठी क्षुल्लक म्हणून गाळलेली गोष्ट दुसऱ्या हेतूला प्राणभूत असू शकते. बँकेच्या ‘खातेदारा’तून ‘मृत्यूनंतर खाते चालू राहते काय’ हा प्रश्न गळाला, कारण बँकेपुरते त्याचे उत्तर ठरलेले होते.

६

व्यवहाराचा अनुभव या विवेचनाशी जुळतो. मेरियन पेत्रे यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५० सॉफ्टवेअर व्यावसायिकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यांतील ३५ जण यूएमएल वापरीतच नव्हते, आणि तीवरून कोड तयार करवून घेणारे केवळ ३ होते. याउलट जॉन व्हिटल, जॉन हचिन्सन व त्यांचे सहकारी यांच्या २०१४ मधील लेखात असे दिसून आले की, प्रतिमानांचा यशस्वी वापर करणाऱ्या संस्था बहुधा आपल्या अरुंद आणि पूर्ण परिचित क्षेत्रासाठी लहान भाषा तयार करून घेतात. दोन्ही निरीक्षणे एकत्र वाचली, म्हणजे प्रतिमानाची कल्पना फसली असे म्हणता येत नाही. सर्वांसाठी एकच भाषा ही कल्पना मात्र लोकांनी फारशी स्वीकारलेली नाही.

मोटार उद्योगातील ऑटोसार ही प्रमाणव्यवस्था या संदर्भात विशेष विचारार्ह आहे. २००३ मध्ये मोटारी बनविणाऱ्या आणि त्यांचे भाग पुरविणाऱ्या काही कंपन्यांनी मिळून ती सुरू केली. तीत सॉफ्टवेअरचा घटक कोणत्या विद्युत-नियंत्रकावर चालणार हे न सांगता त्याचे वर्णन करता येते, आणि मधला जोडकोड यंत्राकडून तयार करविता येतो. येथवर ती एमडीएसारखीच आहे. परंतु घटकाच्या दारातून जी राशी आत-बाहेर जाते, तिचे नाव, तिचे एकक आणि तिच्या मूल्याच्या मर्यादा यांचेही वर्णन या व्यवस्थेत करावे लागते. एरियानच्या प्रसंगी जे वाक्य मागे राहिले होते, त्याला येथे घटकाच्या वर्णनातच जागा ठेवलेली आहे. घटक एका मोटारीतून दुसऱ्या मोटारीत जाऊ शकतो, याचे कारण आकृतीत शोधण्यापेक्षा सर्व कंपन्यांनी मिळून मान्य केलेल्या या शब्दसूचीत शोधावे.

महाराष्ट्रातील अनुभवही याच दिशेचा आहे, आणि तो पुरेसा परिचित नाही. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा संशोधन, विकास व रचना केंद्रात प्रतिमानांवरून संपूर्ण व्यावसायिक प्रणाली तयार करण्याचे ‘मास्टरक्राफ्ट’ हे साधन विकसित झाले. पडद्यावरील मांडणी, व्यवहाराचे नियम आणि माहितीचा साठा यांची प्रतिमाने वेगळी करून त्यांपासून कोड काढणे, ही त्याची पद्धती. विनय कुलकर्णी आणि श्रीधर रेड्डी यांनी २००३ मध्ये ती लेखरूपाने मांडली. प्लॅटफॉर्म बदलण्याच्या कामी, म्हणजे वर सांगितलेल्या पहिल्या क्रियेत, या पद्धतीचा लाभ उघड होता. परंतु २०१० मधील त्यांच्या व सहकाऱ्यांच्या अनुभवलेखात दुसऱ्या क्रियेची अडचण प्रांजळपणे नोंदलेली आहे. बँक असो की विमा, एकाच हेतूच्या दोन प्रणाली कधीही तंतोतंत सारख्या निघत नाहीत; साम्य भरपूर असते, पण भेदही नानाविध असतात. तेव्हा एकेका प्रणालीचे प्रतिमान न करता प्रणालींच्या कुळाचे प्रतिमान करावे आणि त्यात भेदांच्या जागा आधीच दाखवून ठेवाव्यात, या विचाराकडे ते वळले. या विचाराला पूर्वपीठिका आहे. डेव्हिड पार्नास यांनी १९७६ मध्ये आज्ञावलींच्या कुळांची कल्पना मांडली होती, आणि कार्नेगी मेलन विद्यापीठातील सॉफ्टवेअर अभियांत्रिकी संस्थेत क्यो कांग व सहकारी यांनी १९९० मध्ये एखाद्या क्षेत्रातील अनिवार्य, वैकल्पिक आणि ऐच्छिक वैशिष्ट्ये वृक्षरूपाने दाखविण्याची रीत सांगितली होती. पुण्यातील संशोधकांच्या लेखनाचे महत्त्व असे की, प्रत्यक्ष व्यवसायातील कामाने त्यांना या जागी आणून सोडले.

७

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येईल. चिन्हांचे अर्थ गणिती काटेकोरपणे ठरवून टाकले, तर संदेहाला वाव राहणार नाही; आणि तसे प्रयत्न झालेही आहेत. यूएमएलच्या एका मर्यादित भागाचा अर्थ यंत्राने चालविता येईल इतका निश्चित करणारे प्रमाण २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. हा प्रयत्न स्तुत्य आहे, आणि कपडे धुण्याच्या यंत्राचा प्रश्न त्याच जातीच्या उपायाने सुटणारा आहे. परंतु त्याने अर्थाचा पहिला थर निश्चित होतो. दुसरा होत नाही. ‘खातेदार’ म्हणजे कोण, हे कोणतेही गणित सांगू शकणार नाही. ते बँकिंगचा नियम सांगतो, महसुलाचा कायदा सांगतो, आणि तलाठ्याच्या दप्तरातील प्रघात सांगतो. हा अर्थ समाजात राहतो, चित्र त्याकडे केवळ बोट दाखविते.

दुसरा आक्षेप अलीकडचा आहे. मोठी भाषा-मॉडेले आता साध्या वाक्यांवरून कोड लिहून देतात. तेव्हा पुनर्वापराची आणि प्रतिमानांची उठाठेव कशाला, असा तो आहे. पण कोड जितका स्वस्त होईल, तितके त्याच्या वरचे प्रश्न महाग होतील. यंत्राला ‘खातेदार’ हा शब्द दिला तर ते त्याचा अधिक रूढ असलेला अर्थ घेण्याचा संभव आहे. आणि तो अर्थ येथे अभिप्रेत आहे काय, हे सांगणारे लेखी साधन तेव्हाही लागेल.

तात्पर्य, प्रतिमानाधिष्ठित विकासाने दिलेले आश्वासन अर्धे खरे आहे. अर्थ स्थिर असताना यंत्र बदलावयाचे असेल, तर त्याची पद्धती समर्थ आहे आणि तिचा अव्हेर करण्याचे कारण नाही. अर्थ बदलत असताना रचना न्यावयाची असेल, तर केवळ चित्र नेऊन भागत नाही. पुनर्वापरास योग्य अशा रचनाघटकाबरोबर त्यातील नावांचा कोश असला पाहिजे. कोणत्या गृहीतांवर तो उभा आहे त्यांची नोंद असली पाहिजे. तो कोणत्या बाबतींत बदलता येतो आणि कोणत्या बाबतींत नाही, हे लिहिलेले असले पाहिजे. आणि संदेह उत्पन्न झाल्यास ज्यांचे व्याख्यान प्रमाण मानावयाचे, असे त्या क्षेत्रातील जाणकार कोण, हेही ठरलेले असले पाहिजे. हे काम संगणकशास्त्रज्ञ एकटे करू शकणार नाहीत. शब्दाचा व्यवहारातील अर्थ शोधणे, समानध्वनी शब्दांतील भेद टिपणे आणि व्याख्या बांधणे हा कोशकाराचा आणि भाषाभ्यासकाचा धंदा आहे. महाराष्ट्रात बँकांचे, महसुलाचे आणि रुग्णालयांचे व्यवहार मराठी शब्दांत चालतात, आणि त्यांच्या संगणकीय रचना बहुतांशी इंग्रजी शब्दांत केल्या जातात. त्या दोहोंच्या मध्ये असा कोश उभा नसेल, तर एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नेलेल्या रचनेतील चूक चित्रात दिसणार नाही. ती एखाद्या वारसाच्या नोंदीत दिसेल, आणि तेव्हा ती दुरुस्त करून घेण्याचा भार त्या वारसावर पडेल.